शंभराला एक

३० ऑगस्ट, शनिवार

आज पहिल्यांदाच अंगावर लोखंडाची काळी पूड न घेता खोलीवर आलो. केसात लाकडाचा भुसा. घरमालकीण आक्का दारातच शिलाई मशीनवर बसलेली. म्हणाली, "काय रं पावण्या, कारखाना सोडलास व्हय? सुताराकडं लागलास?"

म्हटलं, कारखाना तोच, खातं बदललं. आजवर फेटलिंगला होतो, म्हणजे ओतून आलेल्या जॉबच्या कडा ग्राइंडरनं घासत होतो. आता पॅटर्न शॉप. ज्या लाकडी नमुन्यावरनं वाळूत साचा उठवतात आणि मग लोखंड ओततात, तो नमुना करायच्या टेबलाशी.

"पगार वाढला?"

"न्हाई."

"मग नाचतोस कशाला?"

हिला काय सांगायचं. फेटलिंगमध्ये दुसऱ्यानं केलेलं घासायचं. इथं आधी काहीच नसतं, आपण करायचं.

इस्माईलचाचांचा हेल्पर पुण्याला गेला. चाचा इथले जुने पॅटर्न मिस्त्री. त्यांनीच माझं नाव घेतलं. मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "शाळा किती?" नववी. "पास?" नववीत होतो. क्लार्क हसला. साहेब म्हणाले, "हे बघ, पॅटर्नला दहावीचं गणित लागतंय. ही हमाली न्हवं. दसऱ्यापर्यंत बघतो, जमलं तर बस, न्हाई तर परत घासायला."

मी म्हटलं, "साहेब, दहावीचं गणित लागतं का पॅटर्नचं?"

चाचांनी मागनं शर्ट ओढला.

दसऱ्यापर्यंत. बघू कोण कुणाला बघतंय.

२ सप्टेंबर

चाचांनी दोन स्टीलच्या पट्ट्या हातात दिल्या. "शेजारी ठेव, शून्याला शून्य लाव." लावलं. एकीचा शंभर जिथं संपतो, तिथनं दुसरीचा शंभर चांगला एक मिलिमीटर पुढं.

"चाचा, ही खोटी हाय. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

चाचा खोकला लागेपर्यंत हसले. "लेका, हिला खोटी म्हणू नको. हिच्यावर माझी चार लेकरं मोठी झाली."

लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला एक. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा ठेवायचा. रोज कोण गुणाकार करत बसणार? म्हणून तो पट्टीतच भरून ठेवलाय. ड्रॉइंगवर शंभर लिहिलंय तर ह्या लांब पट्टीवरचा शंभर घ्यायचा, झालं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणखी वेगळी, ती आणखी लांब.

"आणि डोकं चालवायचं न्हाई," चाचा म्हणाले. "डोकं आधीच कुणीतरी चालवून ठेवलंय."

म्हणजे एका माणसानं एकदाच गणित केलं आणि बाकी सगळ्यांची सुटका केली. असला माणूस आमच्या शाळेत पाहिजे होता.

८ सप्टें., सोमवार, सुट्टी

आईचा फोन. "काय करायलास?" म्हटलं लाकूड तासायलोय. "काहून? लोखंडाचं काय झालं?" मी म्हटलं, "तेच हाय की. ते लोखंडासाठीच लाकूड हाय." ती म्हणाली, "लैच तिकडलं बोलू लागलास. हाय की, न्हाय की." मग म्हणाली, हिंगोलीला यायला कसं जमतंय बघ, दिवाळीला तरी. बघतो म्हटलं.

इथं बोलणं चिकटतं अंगाला. आक्का बाईमाणूस असून "मी आलो, मी जेवलो" म्हणते. पहिल्या महिन्यात मी मागं वळून बघायचो, कोण आलं म्हणून.

फोन ठेवल्यावर उगाच शाळा आठवली. नववीत सरांनी फळ्यावर बोलावलं, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढ म्हणाले. मी विचारलं, कशाला काढायचं? खरंच विचारलं होतं, आगाऊपणा नव्हता. सर म्हणाले, "तुला कशाला लागतंय, तू ढोरं वळायला जा."

गेलो. ढोरं नव्हती, म्हणून कोल्हापूर.

१२ सप्टें., शुक्रवार

आज एक भारी काम केलं. लिहून ठेवतो.

पाईप धरायच्या ब्रॅकेटचा जॉब. मधोमध आरपार भोक, त्यातनं पाईप जाणार. जिथं भोक पाहिजे तिथं साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, मग लोखंड तिथं शिरत न्हाई. तो गाभा ज्या लाकडी डब्यात ठोकून काढतात तो कोअर बॉक्स. चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघाले. म्हणाले, "ऐंशीचं भोक हाय. आखून, कोरून ठेव. मी आल्यावर बघतो."

लांब पट्टी घेतली आणि हात थांबला. म्हटलं, थांब गजा. लोखंड आकसतं. आकसतं म्हणजे स्वतःच्या अंगात जातं. अंगात गेलं म्हणजे भोकापासून मागं सरकलं. म्हणजे भोक मोठं होणार! मग इथं लांब पट्टी कशी चालंल? इथं उलटं पाहिजे. तसली आखूड पट्टी तर कुणाकडं नसते. मग साधी पट्टी घेतली आणि ऐंशीतनं शंभराला एक ह्या हिशेबानं वजा केलं. स्वतः. कुणाला न विचारता.

एवढी वर्षं ह्या लोकांच्या ध्यानात कसं आलं न्हाई?

कोअर शॉपचा माणूस दारात येऊन ओरडायला लागला, बॉक्स पाहिजे, आत्ता पाहिजे. देऊन टाकला. चाचांची वाट बघितली असती तर मी हेल्परच राहिलो असतो. चाचा आले, म्हणाले, "दिलास? लांब पट्टीनं?" मी म्हटलं, "त्याच्याहून भारी." तेवढ्यात त्यांना मॅनेजरनं हाक मारली. ते गेले.

१६ सप्टें.

बाळ्या आला. फेटलिंगचा माझा जुना जोडीदार, शिरोळकडचा. एका हातात जॉब, दुसऱ्या हातात पाईपचा तुकडा. पॅटर्न शॉपच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गजानन मिस्त्री हायत काय? हे भोक पाईपसाठी केलंय का तुमच्या आत्याच्या नथीसाठी?"

पाईप आत जाईना.

म्हटलं पाईप जाड हाय. मोजला. पाईप बरोबर.

सगळ्या खेपेला तेच. आता प्रत्येक भोक आतनं घासून मोठं करायचं. फेटलिंगला, हातानं. बाळ्या म्हणाला, "तुझ्या डोक्यातलं गणित आमच्या मनगटात आलं की रं."

पाळी सुटल्यावर मी फेटलिंगला जाऊन घासायला बसलो. कुणी बस म्हटलं नव्हतं. कुणी ऊठही म्हटलं न्हाई.

१७ सप्टें.

केबिन. मॅनेजर, चाचा, क्वालिटीच्या शिंदे मॅडम. मॅडमनी व्हर्निअर लावून दाखवलं, दीड मि.मी.च्या वर आवळ. मला विचारलं, माप कुठनं आणलंस? सांगितलं सगळं. मागं सरकतं ते, वजा केलं ते. मला वाटलं हसतील. हसल्या न्हाईत. कागदावर काहीतरी काढायला लागल्या, पण मॅनेजरनं मधेच तोडलं.

"दसऱ्यानंतर हा फेटलिंगला. विषय संपला." मग माझ्याकडं बघून जरा आवाज खाली आणला. "आणि एक ऐक. सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरनं दहावीला बस. गणित सोडव, मग ये माझ्याकडं, मी स्वतः बसवतो तुला बेंचवर."

"न्हाई भरणार."

"का?"

"पेपरात ह्या भोकाचं विचारणार हायत का?"

मॅडम म्हणाल्या, "विचारतात. वेगळ्या नावानं."

ह्याचा आणखी राग आला. बाहेर पडताना मॅडम म्हणाल्या, "गजानन, तुला गणित येत नाही असं नाही. आणि येतं असंही नाही."

चाचा माझ्यासाठी एक शब्द बोलले न्हाईत. टेबलाशी आल्यावर मी तसं बोललो. ते रंधा पुसत म्हणाले, "चूक तुझी हाय. मी पाया पडलो असतो तर ती माझी झाली असती. मग तू काय शिकला असतास?"

१८ सप्टें.

चुकलो. मान्य. पण भोक लहान का झालं?

लहान झालं हे सगळ्यांनी दाखवलं. का झालं ते कुणी सांगेना. चाचांना विचारलं. "होतंय म्हणून होतंय. माझ्या उस्तादानं सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादानं." बाळ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू मोजलंस म्हणून लाजून लहान झालं."

माझं अजून म्हणणं आहे की ते मोठं व्हायला पाहिजे. मी खोटं का बोलू? डोक्यात तसंच दिसतंय. लोखंड चुकतंय.

मॅडमना विचारायला जाणार न्हाई. गेलो तर म्हणतील फॉर्म भर.

२१ सप्टें., रविवार

उद्या घट बसणार. आक्काच्या दारात बायकांची रांग. नऊ दिवसांचे नऊ रंग, नऊ ब्लाउज, सगळ्यांना आजच पाहिजेत. मी आपला पायरीवर चहा पीत बसलेलो.

एक बाई तणतणत आली. एकदाच धुतलेला ब्लाउज आक्काच्या मांडीवर टाकला. "गळा आवळतोय, बाही दंडात रुततीया. शिवलाय का बांधलाय?"

आक्कानं उलटा करून बघितला आणि कपाळाला हात लावला. "अस्तर भिजवून घ्यायचं राहिलं गं माझ्याकडनं. गर्दीत तसंच कापलं मी. दे, उसवून देतो."

बाई गेली. मी म्हटलं, "आक्का, कापड आकसलं?"

"मग काय, सुती अस्तर. न भिजवता कापलं की आकसतंयच."

"पण कापड आकसलं तर गळ्याचं भोक मोठं व्हायला पाहिजे. कापड मागं सरकलं न्हवं का?"

आक्कानं चष्म्यावरनं बघितलं. "तुझं डोकं आकसलंय काय? गळा म्हणजे काय रं? त्याच्या भोवतीची कडा की. कडाच आखूड झाली तर गळा मोठा कुठनं होईल? बांगडी लहान केली तर हात जास्त शिरंल व्हय?"

चहा तसाच राहिला.

कडा. मी भोकाकडं बघत होतो, भोकात तर काहीच न्हाई. भोवतीचं लोखंड आखूड होतंय. गोल गोल, सगळ्या बाजूनं. पट्टा आवळल्यागत. मागं सरकायला जागाच न्हाई त्याला.

आक्का म्हणाली, "काय झालं? भूत बघितलंस?"

म्हटलं, "आक्का, तुम्ही गणित किती शिकलाय?"

"चौथी. तेवढ्यात छातीचा चौथा भाग निघतोय, अधिक शिलाईचं सोडायचं. आणखी काय लागतंय? ऊठ आता, बायकांना बसू दे."

२३ सप्टें.

मॅडमना जाऊन सांगितलं. विचारायला न्हाई, सांगायला. गळ्याची कडा, बांगडी, सगळं. त्या म्हणाल्या, "बरोबर. समरूप आकृती." म्हणजे एखाद्या चित्राचा फोटो लहान केला तर त्यातलं सगळंच लहान होतं, माणूस पण आणि माणसाच्या मागची खिडकी पण. खिडकी रिकामी हाय म्हणून मोठी होत न्हाई.

दुपारी त्यांनी भावाचं जुनं पुस्तक आणून दिलं. गणित भाग दोन. समरूपता. तो धडा दहावीत हाय.

मी नववीत पळालो. म्हणजे एवढी वर्षं ज्या धड्याच्या नावानं शिव्या दिल्या तो मी कधी उघडलाच न्हवता.

मॅनेजरनं हातात पुस्तक बघितलं. "आलास का लायनीवर? फॉर्म मागवू?"

"धडा वाचतोय. फॉर्म न्हाई भरणार."

"अरे, तुझ्यासाठी सांगतोय मर्दा. उद्या मी न्हाई राहिलो, दुसरा मॅनेजर आला. तो तुझं काम न्हाई बघणार, कागद मागणार."

हे खरं हाय. त्याचं चुकीचं न्हाई. तरी भरणार न्हाई. धडा माझ्या कामाचा हाय म्हणून वाचणार. फॉर्म भरला की ते सर कुठंतरी बसून म्हणणार, बघा, शेवटी आलाच. येणार न्हाई मी शेवटी. माझ्या वाटेनं आलो तर आलो.

२४ सप्टें.

पुस्तकाशी भांडण. झाडाची सावली मोजून झाडाची उंची काढतात. कुणाला पाहिजे असते झाडाची उंची? पण पुढचं उदाहरण सोडवलं आणि एका ठिकाणी थांबलो. लांबी शंभराला एक कमी झाली तर क्षेत्रफळ शंभराला दोन कमी होतं. जवळजवळ. वाटलं छापायला चुकलं. कागदावर चौकोन काढून बघितला. चुकलं न्हाई.

वर्तुळाचं क्षेत्रफळ कशाला काढायचं, हे मी सरांना विचारलं होतं. उत्तर होतं त्यांच्याकडं. दिलं न्हाई.

बाळ्या जेवताना म्हणाला, "काय वाचतोस, पोथी?" म्हटलं, व्हय. "मग मला पण सांग, पुण्य लागंल." सांगितलं. त्यानं ऐकलं, घास गिळला आणि म्हणाला, "आमच्याकडं ऊस लावताना सरी अर्धा फूट जास्त रुंद केली की एकरात किती ऊस कमी बसतोय ते आमचा दादा तोंडावर सांगतो. त्यानं पण ही पोथी वाचली न्हाई." मी म्हटलं, त्याला विचार, का म्हणून कमी बसतोय ते. बाळ्या म्हणाला, "का म्हणून विचारलं तर मारतंय ते."

२६ सप्टें., शुक्रवार

कोअर बॉक्स परत नव्यानं केला. नवीन लाकूड. लांब पट्टी, तिच्यावरचा ऐंशी. ह्या वेळी पट्टी आंधळेपणानं लावली न्हाई, कळून लावली. माप तेच येतं, पण हाताला वेगळं वाटतं.

चाचा नमाजाला गेले. कोअर शॉपचा माणूस परत ओरडायला आला. मी बॉक्स मांडीवर घेऊन बसलो. "द्या की!" न्हाई. "साहेबांना सांगू काय?" सांग.

चाचा आले. आतनं अंगठा फिरवला, मग पट्टी, मग परत अंगठा. मग म्हणाले, "जा दे."

एवढंच. पण "जा दे" म्हणाले.

नशीब बघा, भट्टीचं काम काढलंय. ओतकाम दसरा झाल्यावर. म्हणजे पाईप आत जातोय का न्हाई हे दाखवायच्या आधीच माझी मुदत संपणार. मॅनेजरना म्हटलं, ओतून होईपर्यंत थांबा. "ठरलं ते ठरलं. मी एकाला सवलत दिली की उद्या सगळे रांगेत."

चाचांकडं बघितलं. ते लाकडाला धार बघत होते. लाकडाला धार असते काय?

२९ सप्टें., सोमवार, सुट्टी

लक्ष्मीपुरीत गेलतो. गुण्या घेतला, काटकोन बघायचा. लाकडी मुठीचा, पितळी पट्टीचा. दुकानदार उन्हात धरून दाखवत होता, फट न्हाई म्हणून. मी तिथल्याच लाकडावर रेघ मारली, गुण्या उलटा करून परत मारली. दोन्ही रेघा एक झाल्या. मगच घेतला.

"मिस्त्री हायसा?" त्यानं विचारलं.

"व्हय."

जीभ अडकली न्हाई.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळपासून सगळ्या कारखान्यात पाण्याचे पाईप. मशिनी धुतल्या, झेंडूची माळ प्रत्येक लेथला. रीत अशी, ज्याचं टेबल त्यानंच आपली अवजारं मांडायची. पॅटर्न शॉपला चाचांचं टेबल. त्यांनी पांढरं फडकं अंथरलं आणि मला म्हणाले, मांड. रंधे, पटाश्या, परकार, दोन्ही पट्ट्या. मागच्या मिस्त्र्यांपासून चालत आलंय, चाचा दरवर्षी मांडतात आणि नारळ स्वतः फोडतात.

फेटलिंगवरनं बाळ्याची हाक, "गज्या, तुझा ग्राइंडर पुसून ठेवलाय. ये की हिकडं, माळ घाल!"

गेलो न्हाई.

पिशवीतनं गुण्या काढला आणि रांगेच्या शेवटाला ठेवायला गेलो तर जागा न्हाई, तिथं चाचांची रुंद पटाशी. मी हातात धरून उभा. चाचा आले, पटाशी चार बोटं सरकवली आणि फडक्याची सुरकुती काढली.

मॅनेजर ताट घेऊन आले. मागं मॅडम, क्लार्क, सगळी मंडळी. हळद, कुंकू, अक्षता. रंध्याला लावलं, पटाशीला लावलं, पट्ट्यांना लावलं. गुण्यापाशी बोट थांबलं. नवाकोरा, त्याची मूठ अजून घामानं काळी झाली न्हाई, लगेच कळतंय.

"हा कुणाचा?"

चाचा छताकडं बघत.

"माझा."

"मी तुला काय सांगितलंतं?"

"दसऱ्यापर्यंत म्हणालाता साहेब. दसरा उद्या हाय."

क्लार्क हसला, मग साहेबांचं तोंड बघून खोकला काढला. मॅडम झेंडूच्या माळेत काहीतरी शोधायला लागल्या. साहेब ताट घेऊन तसेच उभे. मला वाटलं उचलून बाजूला ठेवणार. मी पण उभा. नजर खाली घातली न्हाई.

मग त्यांनी कुंकवाचं बोट गुण्याच्या पितळेला टेकवलं. अक्षता टाकल्या.

"अवजाराला लावलंय," म्हणाले. "तुला न्हवं."

आणि पुढं गेले.

चाचा म्हणाले, पूजेतलं अवजार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं. म्हणून गुण्या तिथंच हाय, चाचांच्या टेबलावर, पटाशीशेजारी. उद्या सुट्टी. परवा हजेरीत माझं नाव फेटलिंगला असंल नाही तर कुठं असंल, त्यांनी काय लिहायचं ते लिहावं. माझं अवजार उचलायला मला आत जावंच लागणार. आत गेलो की हातात घेणार आणि समोर जे लाकूड असंल त्यावर पहिली रेघ मारणार. मग बघू, मला बाहेर काढायला कोण येतंय.